फोटोआधी हलवायच्या वस्तू

सोमवार, ३ मार्च

बोर्डिंगात सकाळची घंटा झाली की मी व्हरांड्यात गुडघ्यावर बसून धाकटीच्या बुटांच्या नाड्या बांधत असे. ती माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभ्या उभ्या डुलकी काढायची. सिस्टर ओरडायच्या, रांग पुढे निघून जायची, आणि प्रार्थनेला आम्ही दोघी रोज शेवटच्या. एवढंच. आज पन्नास वर्षांनी तिच्या दाराशी ट्रंक टेकवली आणि एकदम तेच डोळ्यांसमोर आलं.

ट्रंक बघून ती म्हणाली की ताई, तुझा संसार म्हणजे चार दिवसांच्या पाहुण्याचं सामान. खरंच आहे. एकतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली, निघताना हाती आलं ते एवढंच: कपडे, पुस्तकं, आणि निरोपाला मिळालेलं लाकडी स्टूल. तिचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती एकटी. आता आम्ही दोघी मिळून राहायचं ठरवलं आहे.

घर यजमानांनी एका नावाजलेल्या आर्किटेक्टकडून बांधून घेतलेलं. करड्या भिंती, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच खिडकी, पांढरीशुभ्र फरशी. धाकटीनं त्यात रंगीत उशा, क्रोशाचे रुमाल, चिनीमातीची कुत्री, आणि जगातल्या सगळ्या बरण्या भरून टाकल्या आहेत. इस्पितळात जत्रा भरली आहे असं वाटतं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, जत्राच बरी, इस्पितळ शेवटी आहेच की.

शिवाय तिनं त्याच आर्किटेक्टच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे. या वयात नोकरी! मला हसूच आवरेना.

बुधवार, ५ मार्च

काम मिळालं. ऑफिसात सगळे आर्किटेक्टना सर म्हणतात आणि मला पहिल्याच दिवसापासून मावशी.

सरांची घरं एका मोठ्या डिझाइन मासिकात छापून येतात. मासिकाच्या संपादक बाईंना फोटोत माणूस चालत नाही, आणि माणसाचा पसाराही नाही. मग फोटोच्या आधी घरी जायचं, चपला, औषधं, टूथब्रश, बाजाराच्या पिशव्या, सगळ्याची यादी करायची, यादीवर घरच्यांची सही घ्यायची आणि सामान खोक्यात भरायचं. बाईंना आवडतील त्या एकदोन वस्तू तेवढ्या बाहेर ठेवायच्या. फोटो झाला की जे जिथलं तिथं परत. ग्रंथालयाचंच काम की हे!

फोटोग्राफर उंच, किडकिडीत, आणि कॅमेऱ्यामागे एका पायावर उभा राहतो. ऑफिसात त्याला बगळा म्हणतात. तोही ओ देतो.

शुक्रवार, १४ मार्च

पहिलं घर झालं. डॉक्टर, त्यांची बायको आणि डॉक्टरांची म्हातारी आई. आजींचं सामान आवरताना मजा आली. त्या प्रत्येक वस्तूची हकीकत सांगत होत्या, आणि मी लिहीत होते. काठी, कवळीची वाटी, पाय शेकायची पिशवी. सही करताना म्हणाल्या, अक्षर बघ, अजून हात कापत नाही. सूनबाई मात्र आजींना ओलांडूनच माझ्याशी बोलत होत्या, जणू मध्ये कुणी बसलंच नव्हतं. मला ते आवडलं नाही.

आजींचं काही बाहेर ठेवण्याजोगं नव्हतं. सूनबाईंचा काळा वाडगा आणि डॉक्टरांची पितळी दौत तेवढी संपादक बाईंनी ठेवायला सांगितली.

फोटो झाल्यावर मी काठी घेऊन आत गेले. सूनबाईंनी विचारलं, ही कुणाची? आजींची, म्हटलं. त्या म्हणाल्या की आमच्याकडे आजी नाहीत, तुमच्या खोक्यांची अदलाबदल झाली असेल. आवाजात राग नाही, लपवाछपवी नाही. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं.

लोक आईवडिलांना कुठेतरी पाठवून देतात आणि मग लाजेनं कानावर हात ठेवतात. तसंच काहीतरी असेल. काठी ऑफिसच्या गोदामात ठेवली.

शुक्रवार, २१ मार्च

दुसरं घर. नवरा भूगोलाचा निवृत्त मास्तर, बायको मातीची भांडी घडवते. मास्तर नकाशांच्या गुंडाळ्या माझ्या हाती देताना म्हणत होते, सांभाळा हो, यात अख्खं जग आहे आणि माझी बायको त्याला रद्दी म्हणते. बायको हसली नाही. तिनं ऐकलंच नाही.

तिची भांडी बाहेर राहिली. मास्तरांचं सगळं खोक्यात गेलं. आजींची आठवण मनात होती म्हणून मी त्यांच्या खडूंचा डबा मुद्दाम खिडकीत ठेवला. बगळ्यानं तो दोन बोटांत उचलून आणून दिला. म्हणाला, मावशी, हे राहिलं की.

मास्तर बाहेर कठड्याशी चहा पीत उभे होते. मी त्यांच्याकडेच बघत होते. आतून कॅमेऱ्याचा आवाज आला.

कठड्यावर कप होता. त्यातून वाफ येत होती.

बायको म्हणाली, मी पहिल्यापासून एकटीच राहते. भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात ती एका कडेला उभी आहे, हसते आहे, आणि तिच्या शेजारी नुसता पडदा.

यादी माझ्या पर्समध्ये आहे. खाली मास्तरांची सही आहे. मी ती चार वेळा वाचली.

सोमवार, २४ मार्च

गोदामात गेले. मागच्या फळ्यांवर छतापर्यंत खोकी आहेत, कुणी न नेलेली. खालच्या खोक्यात माझ्या आधीच्या बाईंची नोंदवही सापडली. त्या बाई कोण, हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. सर म्हणाले, आधी कुणी नव्हतंच, हे पद तुमच्यासाठीच तयार केलं.

वहीत एकेचाळीस घरं आहेत. प्रत्येक घरापुढे दोन रकाने. बाहेर राहिलेली वस्तू कुणाची. गेलेलं माणूस कोण. ज्याची एक तरी वस्तू फोटोत राहिली तो घरात राहिला. ज्याचं सगळं खोक्यात गेलं तो गेला. एकदाही याला अपवाद नाही.

शेवटच्या ओळीत त्या बाईंनी स्वतःचं घर लिहिलं आहे. राहिलेली वस्तू: मुलीचा दिवा. गेलेलं माणूस: आणि पुढे कोरं.

वही मिटताना बाजूला वर्षाचा कार्यक्रम टांगलेला दिसला. वार्षिक अंक, मुखपृष्ठ. धाकटीचं घर. दोन एप्रिल.

गुरुवार, २७ मार्च

संपादक बाई घर बघून गेल्या. धाकटी सकाळपासून नवी साडी नेसून बसली होती. बाई खोल्यांमधून फिरल्या, तिच्या उशांकडे, बरण्यांकडे, कुत्र्यांकडे बघून प्रत्येक वेळी नुसतं हे नको म्हणाल्या. मग माझ्या खोलीच्या दारात थांबल्या. माझं स्टूल. किती साधं आहे, म्हणाल्या. फक्त हे राहू दे.

माझी वस्तू राहणार. धाकटीची एकही नाही.

धाकटीनं टाळी वाजवली. म्हणाली, घ्या, जन्मभर मी नटले आणि मुखपृष्ठावर ताईचं स्टूल!

शुक्रवार, २८ मार्च

तिला सगळं सांगितलं. यादी दाखवली, नोंदवही दाखवली. आधी हसली. मग म्हणाली की मला कधी नव्हे ते काही मिळालं की तुझ्या पोटात दुखतं, शाळेतही असंच होतं. मग रडली. तिनं साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं आहे. यजमानांनी उभारलेलं घर जगानं बघावं, एवढंच तिचं म्हणणं. त्यात चूक काय आहे?

सरांकडे गेले. काम करणार नाही म्हटलं. ते गोड हसून म्हणाले की मग दुसरी कोणी येईल, घराची किल्ली ऑफिसकडे आहेच, आणि संमतीपत्रावर तुमच्या बहिणीची सही आहे.

दुसरी कोणी आली तर ती धाकटीचंच सगळं भरेल.

यादी मीच करणार.

रविवार, ३० मार्च

मागच्या अंगणात कोयत्यानं स्टूल फोडलं. हात सोलले. धाकटीला सांगितलं, वाळवी लागली होती.

संपादक बाईंना फोन करून स्टूल मोडल्याचं सांगितलं. त्याच्या जागी काय, असं त्यांनी रुक्षपणे विचारलं. धाकटीचा एक काचेचा जग आहे, पहिल्या पगारातून घेतलेला. नक्षी नाही, रंग नाही. त्यात ती भडक कागदी फुलं ठेवते म्हणून तो कुणाच्या नजरेत भरत नाही. फुलं काढली, जग धुतला, खिडकीत ठेवून फोटो पाठवला.

तासाभरानं उत्तर आलं. चालेल.

देवा, चालेल म्हणाल्या.

सोमवार, ३१ मार्च

माझं भरते आहे. ट्रंक. चपला. चष्म्याचं घर. केसांच्या पिना — न्हाणीघराच्या जाळीत तीन सापडल्या. कंगव्यातले केससुद्धा. ब्लाउजचं तुटलेलं बटण सोफ्याखाली होतं. मी इथं आल्याला महिनासुद्धा झाला नाही, तरी माणूस किती ठिकाणी सांडतो.

धाकटीच्या उशा, कुत्री, बरण्या — तीही खोक्यांत. पण जग खिडकीत आहे. दर तासाला जाऊन बघते.

दुपारी तिनं एकच ताट वाढलं. मी समोर बसले तेव्हा दचकली. मग विसरलेच बाई, म्हणून हसली.

मंगळवार, १ एप्रिल

सकाळी ती ताई म्हणाली.

दुपारी काहीच म्हणाली नाही.

संध्याकाळी शेजारीण आली. धाकटी मला ओलांडून तिच्याशी बोलत होती. ह्या ऑफिसातून आल्यात, म्हणाली, सामान आवरायला. फार निगुतीनं काम करतात. मग माझ्याकडे वळून — अगदी अदबीनं — तुम्ही चहा घेणार का?

घेईन म्हटलं. तिनं दोन चमचे साखर घातली. मी साखर घेत नाही हे तिला —

चांगला झाला होता चहा.

बुधवार, २ एप्रिल, सकाळी सहा

बगळा कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करतो आहे. साडेसहाचा उजेड हवा म्हणे. धाकटी अंगणात, केस विंचरून, खुशीत. जग खिडकीत आहे. तीनदा बघितला.

आता बाहेर माझं काय उरलं? पेन. आणि ही वही. ही घरात राहिली तर माझं काहीतरी राहिलं. मग तिथं मी आणि ती — दोघी राहू, असं मन म्हणतं. पण एकेचाळीस घरांत एकदाही तसं — कुणीतरी जातंच. जग पडला, फुटला, बगळ्यानं ऐन वेळी उचलला तर? नको. जोखीम नको. वही खोक्यात.

ज्याला सापडेल त्यानं असं करावं. लोकरीची शाल ऑफिसात झाडू मारणाऱ्या बाईंना, त्यांना थंडी बाधते. पुस्तकं शाळेला, ग्रंथालयाच्या नव्या बाईंच्या हाती. वाटेल तशी रचू नयेत. गजराचं घड्याळ गोदामाच्या रखवालदाराला. ते रोज सात मिनिटं पुढे जातं, सांगावं. चांदीचा क्रॉस सिस्टरांपैकी कुणी हयात असेल तर तिला. नसेल तर चॅपलच्या पेटीत. नव्या चपला ज्याच्या पायाला होतील त्याला.

धाकटीला काही देऊ नये. रुमालही नाही. माझं काहीच त्या घरात जाता कामा नये, कुणी कितीही मायेनं —

बगळा हाक मारतोय. मावशी, झालं का? — आत्ता तरी मावशी म्हणाला.

ती अंगणातून खिडकीत बघते आहे. ओळखीचं हसली. नाही. कुणालाही हसतात तशी.

तिनं कधी विचारलं, त्या सामान आवरायला आलेल्या बाई कोण होत्या, तर तिला एवढंच सांगा की —