ओढ्याकाठचे अकरा गुंठे आणि व्हॉल्व्हची चावी

जया, तुझा गुडघा कसा आहे? निरंजन, मान अवघडायची थांबली का? डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा लावतोस की तो खुंटीलाच लटकतोय? गौतमी सूनबाई, पित्ताला सकाळी कोकमाचं पाणी घेत जा. इंद्रजितराव, तुमचा रक्तदाब? कुशाबा, तुझा खोकला मला रस्त्यापलीकडून ऐकू येतो, म्हणून विचारत नाही. देवू, उजव्या कुशीत अजून दुखतं का? दर वेळी विचारतो आणि दर वेळी तू "न्हाई तात्या, बरं हाय" म्हणतोस. या वेळी खरं सांग. आणि कोंडाबाई, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर वाट नीट दिसते का? ओढ्याच्या पायऱ्या निसरड्या आहेत. माझं म्हणाल तर दम लागतो, पायावर सूज येते, बाकी जेवण जातं.

वकीलबाई जान्हवी म्हणाल्या, "आजोबा, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत." मी म्हटलं, ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांची विचारपूस न करता एकदम घरदार वाटायला बसलो तर ते लिलावासारखं वाटेल. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसल्या. आता रीतीप्रमाणे लिहितो.

मी, दयानंद हैबतराव शेडगे, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा नळजोडणी (आता बंद), राहणार कासार आंबोली, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, आणि डॉ. विकास यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. मला कोणी दम दिलेला नाही, की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. पाच वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात सगळे काही माझ्या दोन मुलांना होते, ते या लेखाने रद्द समजावे. ते का रद्द केले हे खाली येईल. मुलांनी चिडण्याआधी शेवटपर्यंत वाचावे.

कलम १. कासार आंबोलीचे राहते घर, परसातल्या दोन आंब्यांसह, निरंजनला. तू कंपनीजवळ माणला स्थायिक झालास, इथे येऊन राहणार नाहीस हे मला कळते. भाड्याने दे, पण मागची मोरी बुजवू नकोस. तिचा उतार मी चार वेळा काढला आहे, तसा उतार तुझ्या त्या काचेच्या इमारतीतही नसेल. शाळेत तू मित्रांना सांगायचास की वडील कॉन्ट्रॅक्टर आहेत. मला ते तेव्हाच कळले होते. राग नव्हता. सातवी शिकलेल्या नळवाल्याला कॉन्ट्रॅक्टर म्हणवून घ्यायला बरेच वाटले.

कलम २. तुमच्या आईच्या, म्हणजे कै. हेमलताच्या, पाटल्या आणि तिचे लाकडी कपाट जयाला. कपाटाचा खालचा खण अडकतो, जरा उचलून ओढावा.

कलम ३. हत्यारे. पाईप पाने, आटे पाडायची डाय, ब्लो लॅम्प हे सगळे निर्मळ उद्योग साखळीला. ज्यांना साखळी म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी लिहितो. ही आपल्या मुळशीतल्या धंदेवाल्यांची संस्था. हॉटेलवाले, रिसॉर्टवाले, लाँड्रीवाले, गॅरेजवाले, पोल्ट्रीवाले. संस्थेला नफा नाही आणि कुणाला पगार नाही. ज्याला सांडपाणी नीट करायची विद्या आली त्याने ती पुढच्या दोघांना शिकवायची. जळकं तेल ओढ्यात न ओतता कुठे द्यायचं, साबणाचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून झाडांना कसं द्यायचं, असली कामं. जो नीट करील त्याच्या दारावर हिरवी पाटी. हेमलता गेल्यावर घर खायला उठलं होतं, तेव्हा साखळी चालवणाऱ्या शुभांगीताई मला तिथे घेऊन गेल्या आणि खोऱ्याचा तपासनीस केलं. मुठ्यापासून पौडपर्यंत निम्म्या बंगल्यांचे पाईप मीच टाकलेले, त्यामुळे कुणाचं पाणी कुठे जातं ते मला तोंडपाठ.

तपासायची माझी एक रीत होती. बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवणं नंतर, आधी गुलाल. स्वयंपाकघराच्या मोरीत दोन ओंजळी गुलाल सोडायचा आणि ओढ्यावर जाऊन धोतराचा पांढरा तुकडा पाण्यात धरून बसायचं. कापड पांढरं राहिलं तर पाटी. तांबडं झालं तर पाटी नाही, मग मालक कुणीही असो. साखळीत याला तात्याची परीक्षा म्हणायचे आणि मला त्याचा ताठा होता.

त्या ताठ्यात मी कुशाबाच्या हॉटेलाला पाटी नाकारली. चार बाकांचं हॉटेल, वड्याचं तेल आणि भांड्यांचं पाणी, कापडावर जेमतेम गुलाबी झाक आली होती. कुशाबा म्हणाला, "तात्या, दोन दिस दे, वाफा करतो." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. या कागदाच्या साक्षीला बोलावेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. त्याच महिन्यात मी जे केलं ते आता लिहितो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कलम ४. मुठा खोऱ्यात इंद्रजितरावांचे, म्हणजे माझ्या जावयांचे, रानझुळूक रिसॉर्ट आहे. त्याच्या खाली, ओढ्याला लागून, माझी स्वकष्टार्जित अकरा गुंठे जमीन आहे आणि ओढ्याच्या पुढच्या वळणावर खालची वाडी. त्या वाडीचे पिण्याचे पाणी म्हणजे तोच ओढा.

रिसॉर्ट सहा खोल्यांचं होतं तेव्हा त्याची सांडपाण्याची टाकी मी बांधली. पावसाळ्यात टाकी तुंबली तर असावा म्हणून टाकीला वळसा घालून एक पाईप माझ्या अकरा गुंठ्यांखालून सरळ ओढ्यात सोडला आणि त्यावर व्हॉल्व्ह बसवला. परवानगी तोंडी. जावई माणूस, कागद कुठे करायचा? पुढे खोल्या बावीस झाल्या, चादरी धुवायची लाँड्री आली, टाकी तेवढीच राहिली. व्हॉल्व्ह बारमाही उघडा राहिला.

सहा वर्षांपूर्वी साखळीचा वार्षिक मेळावा रानझुळूकला ठरला. रिसॉर्ट हे पन्नासावे सभासद होणार होते आणि शुभांगीताईंनी पत्रिकाही छापल्या होत्या. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी तपासायला गेलो. तो भैरवनाथाच्या जत्रेचा दिवस होता, गुलाल हवा तेवढा. मोरीत सोडला आणि खाली जाऊन बसलो. कापड धरायचीही गरज पडली नाही. आख्खा ओढा तांबडा झाला.

तेवढ्यात खालून कोंडाबाई चरवी घेऊन आली. पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तात्या, पानी तांबडं का येतंया?"

मी जागेवरून उठलोही नाही. म्हटलं, "वर नाथाची पालखी धुतली."

एवढंच बोललो. का बोललो हे सहा वर्षं स्वतःला विचारतोय. जयानं सकाळीच पाटीला झेंडूची माळ करून ठेवली होती. ती डोळ्यांपुढे दिसत होती एवढं खरं.

कोंडाबाईनं चपला काढल्या. ते पाणी डोळ्यांना लावलं, ओंजळभर प्याली, चरवी भरून घेतली आणि मला म्हणाली, "तुमी बी घ्या की." मी ओंजळ पुढे केली आणि ते पाणी ओठांपाशी नेऊन खाली सोडलं. तिनं बघितलं नाही.

वर गेल्यावर इंद्रजितराव म्हणाले, "मामा, दोन महिन्यांत वाफा करतो. शब्द." मी सही केली. दुसऱ्या दिवशी पाटी लागली आणि साखळीने मला शाल दिली.

वाफा झाला, पण फाटकापाशी, पाहुण्यांना दिसेल असा. त्या कर्दळीला सांडपाण्याचा एक थेंब जात नाही, तिला बोअरचं पाणी जातं. पाहुणे तिच्यासमोर फोटो काढतात.

जत्रेनंतर महिन्याभरात कोंडाबाईचा मुलगा देवू काविळीने पडला. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झाली. मी ऊस घेऊन भेटायला गेलो. देवू भिंतीकडे तोंड करून पडला होता, डोळे हळदीसारखे. त्याच्या उशाला ती चरवी. फडकं बांधून ठेवलेली. कोंडाबाई त्यातलं पाणी चमच्यानं त्याला पाजत होती. देवाचं म्हणून.

तिथे तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, पाणी शिळं झालंय, आणि चरवी उचलून अंगणात ओतली. कोंडाबाई माझ्यावर ओरडली नाही, हळूच म्हणाली, "देवाचं पानी सांडलं तुमी. पाप लागंल." पाणी कुठलं ते तिला ठाऊक नव्हतं. बाकी ती म्हणाली ते बरोबर.

देवू उठला, पण पहिला देवू उठला नाही. कड्यावर चढून मध काढणारा माणूस, त्याला पाण्याचा हंडा उचलवेना. मग मी उपकार केल्यासारखं त्याला रानझुळूकच्या फाटकावर रखवालदार म्हणून चिकटवलं. त्या कर्दळीला रोज नळी लावायचं कामही त्याच्याकडेच आहे. मला बघितलं की तो उठून उभा राहतो. देवू, यापुढे उठू नकोस.

पुढच्या दिवाळीत एकदा हिंमत करून मी व्हॉल्व्ह बंद केला होता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या खोल्यांत संडास तुंबले. जयाचा फोन आला, "आबा, लवकर या, माझी लाज जातीये." मी गेलो आणि माझ्याच हातानं उघडला. जया, तुला तेव्हा वाटलं असेल, बापानं वाचवलं.

तर वरील अकरा गुंठे, जी आधीच्या मृत्युपत्रात जयाला होती, ती मी देवूला देत आहे. देवूच्या नावे डोंगरावर बारा गुंठे आहेत, त्यामुळे तो शेतकरी ठरतो आणि शेतजमीन त्याच्या नावे होऊ शकते, हे वकीलबाईंनी उताऱ्यावरून पाहिले आहे. जमिनीखालून पाईप नेण्याची माझी तोंडी परवानगी मी या लेखाने मागे घेतो. पुढे परवानगी द्यायची की नाही ते देवूने ठरवावे. माझी बँकेतली ठेव त्या जमिनीत खरा कर्दळीचा वाफा बांधण्यासाठी साखळीने वापरावी. आखणी माझ्या वहीत आहे, निळ्या पुठ्ठ्याची वही. देवूने नको म्हटले तर त्याच ठेवीतून वाडीला वरच्या झऱ्यावरून नळ न्यावा. देवूला या कारणाने कामावरून काढू नये, इंद्रजितराव. काढलेत तर तेही लोकांना कळेल, कारण हा कागद साखळीच्या पन्नासही सभासदांना जाणार आहे.

जया, तुझ्यावर अन्याय होतोय. तुला यातलं काही माहीत नव्हतं. बाप म्हणून तुझ्यापुढे जे बोलायचं होतं ते कागदावर बोलतोय, ही माझी आणखी एक भित्री खोड. पण तुझ्या पाटीखालून वाडीला काय जातं हे आता तुला माहीत झालं. पुढचं तू बघ. आईच्या पाटल्या घेताना माझा राग धरू नकोस, त्या तिच्या आहेत.

कलम ५. शुभांगीताई, तपासनिसांच्या यादीतून माझे नाव काढा. रानझुळूकची पाटी उतरवा. मी सही केलेल्या बाकीच्या पाट्याही पुन्हा तपासा. इतर ठिकाणी खोटे केलेले नाही, पण माझ्या शब्दावर आता का विसंबायचे? मिळालेली शाल माझ्या अंगावर घालून मला नेऊ नये. हेमलताने विणलेली गोधडी पुरे.

कलम ६. कुशाबाला मी काही ठेवत नाही, कारण वकीलबाई म्हणतात साक्षीदाराला काही दिले तर उद्या कोर्टात हरकत निघते. माफी मागता येते का, असे विचारले. म्हणाल्या, त्याला कायद्याची हरकत नाही. तर मागतो. त्याच्या मोरीचं पाणी मागच्या महिन्यात मी लपून तपासलं. कापड पांढरं निघालं. त्यानं मला न विचारता, पाटी नसताना, वाफा केला आणि जपला.

कलम ७. वकीलबाईंनी विचारलं, "आजोबा, एवढं वाटतं तर मरायची वाट कशाला बघता?" दोन दिवस कागद तसाच ठेवला. मग हे कलम वाढवले. बाकी सगळे माझ्यामागे होईल. पण व्हॉल्व्हची चौकोनी तोंडाची चावी या कागदासोबत आजच देवूकडे पाठवत आहे. दुसरी चावी कुणाकडे नाही. इंद्रजितराव, जत्रेला दोन महिने आहेत. दोन महिनेच तुम्ही तेव्हा मागितले होते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी काठी टेकत गुलाल घेऊन येईन. ओढा तांबडा झाला तर देवू चावी फिरवून व्हॉल्व्ह बंद करील, आणि जयाचा फोन आला तरी मी या खेपेला उघडायला येणार नाही. तोवर वाडीने ओढ्याचे पाणी पिऊ नये. कुशाबाने रोज टँकर पाठवायचे कबूल केले आहे. मी मागितला नव्हता.

ठिकाण: कासार आंबोली, तालुका मुळशी.
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२५.

(सही) दयानंद हैबतराव शेडगे

साक्षीदार १. कुशाबा वाघू पायगुडे, हॉटेलवाले, कासार आंबोली. दयानंदाने माझ्यासमोर सही केली. अक्षर त्याचेच.
साक्षीदार २. डॉ. विकास ढोकळे, पौड.

सहीखाली दोन ओळी, वकीलबाईंची परवानगी न घेता. कोंडाबाईला वाचता येत नाही. ती दर जत्रेला ओढ्यावर जाऊन बसते आणि मला विचारते, "यंदा तांबडं पानी आलं न्हाई?" तेव्हा चौथे कलम देवूने तिच्या दारात बसून मोठ्याने वाचावे, काही गाळू नये. वाचून झाल्यावर ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहून पाठवावे. शिवी दिली तर शिवी लिहावी. काहीच बोलली नाही तर तसे लिहावे. देवू, जत्रेच्या आत लिही, मी वाट बघतोय. लवकर लिही.