दुसरी रासबेरी

चि. यमूस,

गेलेल्या माणसाला ‘चिरंजीव’ लिहू नये हे मला कळतं. कारकुनीत जन्म गेला माझा. पण हात आपसूक वळला, राहू दे. आशीर्वाद मात्र लिहीत नाही. आजवरचे कुठे कामी आले?

आज परसातल्या त्या वाफ्यात पुन्हा रासबेरीच्या काड्या लावल्या. थंडी पडताच महाबळेश्वरच्या माळ्याकडून मागवल्या होत्या. तळहाताला फोड आलेत, लेखणी धड धरवत नाही. तुझ्या आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, “कोणासाठी हो?” आणि चुलीकडे तोंड फिरवून बसली. म्हणून तुला लिहितोय. दुसरं कोण आहे गो मला?

आठवतं, तुला हवापालटाला महाबळेश्वरी नेलं होतं? थंड हवेनं छाती सुधारेल म्हणाले होते डॉक्टर. छाती कसली सुधारते! पेजेचा घोट उतरेना तुझ्या घशाखाली. आणि बंगल्याच्या माळ्यानं द्रोणातून रासबेरी आणून दिली, तर सगळा द्रोण संपवून वर बोटं चाटलीस! “नाना, करवंदाला साखरेत निजवलं असेल का हो?” असं विचारलंस. तुझी आई किती दिवसांनी हसली होती.

घरी परतताना मोटारीत तुझं डोकं माझ्या मांडीवर आणि पायाशी ओल्या गोणपाटात त्या काड्या. अख्ख्या वाटेत मी दोघांनाही जपत होतो.

आपलं परस म्हणजे नुसता कातळ. पहारीनं फोडला, गड्याच्या बरोबरीनं टोपल्यांनी माती वाहिली, शेणखत घातलं, वाळल्या पानांचा पातेरा पसरला, उन्हाला आडोसा म्हणून वर नारळाची झापं घातली. गडी म्हणाला, “नाना, ह्या काटक्यांना काय फुटायचा नाय. कलमा लावा, आंबं तरी खाल.” तू खिडकीतून ओरडलीस, “काठ्या कसल्या लावताय नाना, म्हातारपणी टेकायला?” आणि खोकला येईपर्यंत हसलीस.

त्या काड्यांना खरंच पालवी फुटली. चैत्रात एक फळ धरलं. ते लाल झालं त्या सकाळी मी वाटी घेऊनच वाफ्यात गेलो. तुझ्या तोंडात घालायचं, एवढंच डोक्यात होतं. तर तू म्हणालीस, “पहिलं फळ भैरीचं, नाना. आंब्याचं आपण तसंच करतो ना? दुसरं माझं.”

का गो हट्ट धरलास? एवढ्याशा फळावाचून ग्रामदेवाचं काय अडलं होतं? मी रागावलो, तू रडायला लागलीस, आणि तुला रडवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. गेलो मी. गुरवानं फळ पानावर ठेवून तुझ्या नावानं गाऱ्हाणं घातलं, वर तीर्थ शिंपडलं. प्रसाद म्हणून परत उचलायला गेलो, तर ते इतकं मऊ की बोटांतच विरघळलं. पानावरचा लाल डाग तेवढा घरी आणला. तू ते पान कपाळाला लावलंस नि म्हणालीस, “आता पुढचं माझं हां!”

पुढचं धरलं होतं, यमू. दाण्याएवढं. मी कचेरीतून धावत यायचो आणि आधी वाफ्याला पाणी घालायचो. पण वैशाखातलं ऊन कातळातून वर येतं, तिथे झापं काय करणार? पानं करपली, फळ मिरीसारखं काळं पडलं. तू रोज विचारायचीस, “लाल झालं?” मी रोज म्हणायचो, “होतंय.” मग एका सकाळी तू विचारलं नाहीस. तेव्हाच मी समजलो.

तेव्हापासून भैरीच्या देवळाची पायरी चढलेलो नाही. शिमग्यात पालखी दारी आली, तुझ्या आईनं ओटी भरली, मी मागल्या दारी बसून राहिलो. लोक म्हणतात, नानाचं डोकं फिरलं. फिरू दे! शहाणा राहून कोणाला उपयोग होता?

ह्या नव्या काड्याही जगणार नाहीत. मला ठाऊक आहे. डोंगरावरचं झाड ह्या उन्हात कितीसं टिकणार? आणि टिकलं तरी खाणार कोण? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण पहार हातात असली की निदान श्वास घेता येतो. बाकीचा दिवस कसा जातो ते विचारू नकोस.

एक मात्र कबूल करतो. फळ धरलंच, लाल झालंच, तर ते देवळात नेणार नाही. तू निजायचीस त्या खिडकीत ठेवीन, मुंग्या नेईपर्यंत तिथेच राहील. पहिलं तुझं. भैरीला दुसरं मिळेल, आलं तर. त्याला थांबायला काय जातं? तुला थांबता आलं नाही गो.

तुझा,
नाना