शुक्रवारची सही

सोमवार
पोचले एकदाची. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना चढता चढता गुडघे माझ्याशी भांडले. पण नात बघितली आणि सगळं विसरले. नऊ दिवसांची. नाक थेट माझं. जावई म्हणाले, आई, नाक दिसतंय, बाकीचं बाळ कुठंय? मोठा चेष्टेखोर माणूस. मी तिसरी पास, पण लेक म्हणाली, दिवसभर बोलतेस ते लिही, तेवढीच मला झोप. म्हणून ही वही.

बुधवार
लेकीचं डोकं दुखतंय. झोप नाही, दुसरं काय. हिच्या वेळी माझं वर्षभर दुखलं. रडायची अशी की शेजाऱ्यांनी घर बदललं. असो. आडवी झाली की जास्तच दुखतं म्हणते. मी उशी बदलून दिली.

शुक्रवार
दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, आजच एमआरआय काढू, चित्र स्पष्ट यावं म्हणून हाताच्या शिरेत औषध सोडून. मी विचारलं, ते दुधात उतरेल का? म्हणाल्या, नावापुरतं, खुशाल पाजा. खुशाल म्हणे. त्यांचं काय जातंय. जावई गाडी लावायला गेले होते. बाहेर बाकावर मी लेकीला समजावलं, दोन दिवस थांब, दूध नासवू नकोस. ती आत जाऊन म्हणाली, डोकं दुखायचं थांबलंय. थांबलं नव्हतं. बाईंनी परोपरीनं सांगितलं. हिनं ‘नको’ म्हणून सही केली. जावयांनाही आम्ही तेच सांगितलं.

शनिवार
सकाळी पाजताना लेक म्हणाली, आई, बाळावर हा कुणाचा हात आहे, काढ ना. तिचाच डावा हात. मी हसले. ती हसली नाही. दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, परक्याचा असल्यासारखा.

रविवार
दुपारी झटका आला. तोंड वाकडं, डोळे वर — मांडीवर बाळ — मी आधी कुणाला धरू. बाळाला धरलं.
एमआरआय आज काढला. बाईंनी चित्र दाखवलं. गाठ. भोवती रक्तस्राव. शुक्रवारी नुसती गाठ दिसली असती, म्हणाल्या.

सोमवार
जावई विचारतात, ती नको का म्हणाली. मी म्हटलं, तिलाच बरं वाटत होतं. असं म्हटलं मी —
बाळाला बाटली लावली. गटागट प्यायली. काही झालं नाही तिला.

मंगळवार
काचेतून लेकीला बघितलं. नळ्या. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत.
बाईंनी जावयांना आत बोलावलं. मला नाही.
जावई बाहेर आले. खाली बसले — फरशीवरच — माझ्याकडे बघतायत — बाळ उठलंय, भूक — सांगते मी त्यांना, त्या बाकावर मीच तिला —