धर्मपिता हवा आहे

३ जून

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आमच्या लेकीची लेक माझ्या गायनमंडळातल्या कुणाहीपेक्षा सुरात रडते. पुढच्या महिन्यात तिचा बाप्तिस्मा. धर्मपिता म्हणून तू उभा राहायचंस, असं आम्ही ठरवलंय. तुला विचारलं नाही, कारण विचारलं की तू नाही म्हणतोस. जावई म्हणाले, मामा चर्चच्या फाटकापर्यंतच येतात. मी म्हटलं, यंदा आत ओढू.

मिशा कापून ये, बाळ ओढतं. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी ताई

११ जून

ति. ताईस धाकट्याचा सलाम वि. वि.

बाळाला पापे. पण धर्मपिता दुसरा बघ. मी कोणत्या तोंडाने पुढे उभा राहू? ब्रेक नसलेल्या सायकलवर तुला मागे बसवून उतारावर सोडणारा मीच. तू नको नको म्हणत होतीस आणि मी हसत होतो. तुझा पाय आखूड झाला, तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला माझा हात पुढे होत नाही.

सोबत यंदाचे बूट. डावी टाच नेहमीसारखी उंच, चामडं दुहेरी, शिवणही दुहेरी. दुकानात असं काम मी कुणालाच करून देत नाही. राग मानू नकोस, लोभ असावा.

तुझा धाकटा

१८ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद, आणि एक धपाटा.

बूट मिळाले. आता खरं सांगते, ते दरवर्षी चावतात. गिऱ्हाइकांना तू हलके, मऊ बूट करतोस आणि मला मात्र पश्चात्ताप शिवून पाठवतोस. घट्टे माझ्या पायाला पडतात.

चूक तुझीच होती. म्हणून तर माफ केलं. निर्दोष माणसाला माफी कशाला लागते? मी इस्पितळातच तो विषय संपवला, आणि देव काही माझ्यापेक्षा कोत्या मनाचा नाही. जे ओझं प्रभूने क्रुसावर नेलं, ते तू रोज परत मागून आणतोस. याला नम्रपणा म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात.

आधी पाळकसाहेबांशी बोल. त्यांना जरा कमी ऐकू येतं, तेव्हा पाप खणखणीत आवाजात सांग. मायेत खंड नको.

तुझी ताई

१२ जुलै

ति. ताईस सलाम वि. वि.

सुखरूप पोचलो. तू म्हणालीस तसं पाळकसाहेबांना खणखणीत सांगितलं. बाहेर फुलं लावणाऱ्या दोघी बायकांनीही ऐकलं. ते शांतपणे म्हणाले, मला सगळं ऐकू येतं, तुमची ताई कधी सुधारणार? मग डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली आणि मी पोरासारखा रडलो. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला हात पुढे केला, आणि तो मागे आला नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी, सैतानाचा त्याग करतोस का, असं विचारल्यावर मी इतक्या जोरात हो म्हणालो की बाळ दचकलं. तिच्या आईला सांग, सैतानही दचकला असेल.

एक गोष्ट गाडीत बसल्यावर ध्यानात आली. इतकी वर्षं मी तुझा दंड धरून रस्ता ओलांडतो. परवा चर्चमधून निघाल्यावर, बाळाचं नाक कुणावर गेलंय यावरून भांडता भांडता, धरायचं विसरलोच. तू आपली माझ्याआधी पलीकडे पोचलीस आणि मलाच हात करून बोलावत होतीस.

लोभ असाच असू दे.

तुझा धाकटा