पेशंटजवळ माणूस कोण?

ती. ठमावहिनीस पुतळीचा दंडवत.

तुझा गुडघा कसा आहे? दादाचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का? मी एकदम बरी आहे. (पत्र वाचून दाखवणारे शंकरराव, तुम्हालाही नमस्कार. पुढचं हळू वाचा, ओटीवर गाव गोळा करू नका.)

बरी म्हणते, पण लिहितेय उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यातून. हेंद्रेपाड्याच्या खोलीला कुलूप घातलंय, किल्ली कुणाला द्यायची म्हणून उशीखालीच ठेवली. पोटात गाठ निघाली, लिंबाएवढी. काढली की मोकळी. तिचं काही नाही वहिनी, पण इथली तऱ्हाच वेगळी. इथे आजार मागून विचारतात, आधी विचारतात, "माणूस कुठाय?" म्हणजे पेशंटजवळ बसणारं घरचं कुणी. कारण दोन वॉर्डांना मिळून विठा सिस्टर एकटी. दुसरी बाळंतपणाला गेली, तिसरीची बदली झाली, त्यांच्या जागी सरकारने कुणी धाडलं नाही. मग सलाइनची बाटली संपली म्हणून ओरडायला, भांडं द्यायला, कुशीवर वळवायला ज्याचा त्याचा माणूस. मला विचारलं तेव्हा ठोकून दिलं, येतेय माझी वहिनी, भाताच्या लावणीत अडकलीय.

आता मला रिकामं बसवतं का? शेजारच्या खाटेवर एक सिंधी अम्मा आहे. मुलगा दुकान उघडायला गेला की ती एकटी. तिची बाटली मी बघायला लागले. मग तिच्या पलीकडच्या बाईची. मग कुणाचं भांडं, कुणाचा चहा, भेटायला आलेल्या टोळक्यांना हाकलणं (हे फार छान जमतं, तुझ्याकडूनच शिकलेय). सिस्टर तिकडच्या वॉर्डातून ओरडते, "पुतळीमावशी, सहा नंबर बघा हो!" तिचा डबा टेबलावर उघडा पडून भाजी आंबते, पाय सुजून चपलेत मावत नाहीत. मी म्हटलं, बाई, तूच ॲडमिट हो. तर म्हणाली, "झाले असते मावशी, पण माझ्याजवळ माणूस कोण?"

परवा एक नवा डॉक्टर राउंडला आला, नुकतं मिसरूड फुटलेला. मी अम्माची बाटली हातात धरून उभी, कारण स्टँड मोडलेला. त्याला माझी खाट रिकामी दिसली. चंद्री नावाची तापाने फणफणलेली, लग्नाला वर्षही न झालेली पोरगी बाकावर बसली होती, तिला त्याने तिथे निजवलं. मी ओरडले, "अहो, ती खाट माझी, पेशंट मी आहे!" तर म्हणतो, "मावशी, नातेवाइकांनी खाली झोपायचं. सगळे असंच सांगतात." सिस्टर दुसरीकडे अडकलेली. ती येईपर्यंत पोरगी गाढ झोपली. आजारी लेकराला उठवू कशी? तिच्याजवळही कुणी नव्हतं. झालं! चटई टाकून मी माझ्याच खाटेच्या पायथ्याशी, तिचा माणूस म्हणून. ओकली तेव्हा भांडं मीच धरलं. संध्याकाळी तिची सासू आली, माझ्या हातावर केळं ठेवून म्हणाली, "फार केलंत हो. तुमचं कोण आहे इथे?"

म्हटलं, "आहे एक बाई."

केळं खाल्लं. गोड होतं.

सिस्टरने मग त्या डॉक्टरची चांगली खरडपट्टी काढली आणि मला दाराजवळची खाट दिली. असो. तू काळजी करू नकोस आणि येऊ तर मुळीच नकोस. लावणी टाकून यावं असं इथे काही नाही. दादाला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी नणंद,
पुतळी

ता.क. ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. जवळ माणूस नसला तर पुढे ढकलतात, कारण मागून शुद्ध येईपर्यंत बघायला कुणी नसतं. माझं एकदा ढकललंय. सिस्टर म्हणते, मी बसेन तुमच्याजवळ. मी म्हटलं, तुला पाणी प्यायला बसता येत नाही, माझ्याजवळ काय बसतेस!

ता.क. दुसरं. (घडीवर लिहितेय, शंकरराव, पत्र उलटं धरा.) गाठ लिंबाएवढी म्हटलं, ते पहिल्यांदा तपासलं तेव्हा. आता नारळ म्हणतात.

ता.क. तिसरं. सिस्टरने विचारलं, वहिनी दिसते कशी? भेटीची वेळ नसली तरी आत सोडते म्हणाली. मी सांगितलं, उंच आहे, हिरवं लुगडं, आणि आवाज आधी येतो, बाई मागून. तेव्हा हिरवंच नेस. सिस्टर जाता-येता दाराकडे बघते. मी नाही बघत. खाटच दाराकडे तोंड करून आहे, त्याला मी काय करू?