न उलगडलेलं लुगडं

सोलापूर
गड्ड्याची जत्रा उठली त्यानंतरचा सोमवार, १९७६

प्रिय अक्का,

पत्र बघून छातीत धस्स करून घेऊ नकोस, इकडे सगळी धडधाकट आहेत. घाबरले आहे ती मीच. दोन दिवस भाकरी गोड लागत नाही. काल दुकानात एका बाईनं लाल मागितलं, तर मी तिच्यापुढं हिरव्याचा ढीग लावला.

आमच्या दुकानाचे मालक चनमल्लप्पा मला लग्नाकार्यांना पाठवतात, ते तुला ठाऊकच आहे. बायकांत बसायचं आणि पुढच्या साली काय खपेल ते येऊन सांगायचं. गल्लीत मला 'कापडाची जोशीण' म्हणतात मेल्या! दुष्काळ सरला त्या वर्षी सगळी पेठ म्हणत होती, साधं, मळखाऊ कापड भरा. मी म्हटलं, बायका मळखाऊ नेसून विटल्यात, जांभळं भरा. दाजींनी विणलेली जांभळी लुगडी त्या लग्नसराईत पुरली नाहीत. तेव्हापासून मालक माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत, आणि दाजींच्या मागावरचं सगळं लुगडं आमच्याच दुकानात येतं.

माझी युक्ती तुला कधी सांगितली नव्हती. बाई दुकानात कशाचं कौतुक करते, ते मी ऐकत नाही. आहेरात आलेलं कापड ती स्वतः नेसते की पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत घालते, तेवढंच बघते. घडी न मोडता फिरायला लागलं, की त्या कापडाचे दिवस भरले.

अक्का, गेल्या उन्हाळ्यात दाजींचं एक जांभळं लुगडं होटगीच्या लग्नात दिलेलं मी बघितलं. कोपऱ्याला कुणाचं तरी हळदीचं बोट लागलेलं. दिवाळीनंतर तेच आमच्या गल्लीत एका बारशाला आलं. आणि परवा शेजारणीच्या मुलीच्या लग्नात फिरत फिरत माझ्याच ओटीत पडलं, घडी जशीच्या तशी. वर ती म्हणते, खास तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं. घरी आणून उलगडलं. दाजींच्या हातचा तो काठ बघून मला रडूच आलं.

गुरुवारी मालक लग्नसराईची मागणी ठरवणार. मी नको म्हटलं, तर दाजींकडचं एक लुगडं उचलणार नाहीत. भरा म्हटलं, तर दाजी सगळे माग लुगड्यालाच लावतील, आणि माल पडून राहिला की पुढं त्यांना कोण विचारणार? जत्रेत दाजी भेटले, तेव्हा हळूच म्हटलं, एका मागावर पाचवारीचा ताणा चढवून बघा. ते हसायलाच लागले. "बायका लुगडं सोडत्यात व्हय? तुझी अक्काच बघ की. जन्मात दुसरं काय नेसली न्हाय." इतक्या अभिमानानं बोलले, की मी विषय बदलून सुताचे भाव विचारले.

कारण अक्का, तुझ्या थोरलीच्या लग्नात मी तुला बघितलं होतं. अक्षता पडेपर्यंत तू लुगड्यात होतीस, आणि पंगतीच्या वेळी निळी नायलॉनची पाचवारी नेसून आलीस. दाजी आचाऱ्यामागं धावत होते, त्यांनी बघितलंच नाही. मी बघितलं. किती हलकी चालत होतीस गं! तुला बोल लावत नाही, मलाही तशीच हवी आहे. पण एका फिरत्या लुगड्यावरून मी दाजींचे माग थांबवणार नाही. तुझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र तुमच्या मैंदर्गीच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ देते आहे. ती साडी पोरीनं हट्टानं नेसवली होती, की तुला मनापासून आवडली होती? हट्टानं असेल, तर गुरुवारच्या आत त्याच कंडक्टरच्या हाती दोन ओळी धाड, मी मालकांना लुगडी भरायला सांगते. आणि आवडली असेल, तर मला काही लिहू नकोस. ती निळी साडी नेस, आणि दाजी मागावर बसले असतील तिथं जाऊन त्यांच्यासमोर उभी राहा.

तुझीच, भित्री
महानंदा