झेंडा खाली येईपर्यंत

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप मिळाला, त्याच्यासोबत पाठवलेला फॉर्मही बघितला. चार ओळींत तू मला बरोबर कोंडीत पकडलंस. रविवारी निवड स्पर्धा, शनिवारपर्यंत फॉर्मवर सही हवी, आणि तुझ्या लेकीनं यंदा तिच्या सादरीकरणात ती मागे झेपावून हवेत दोन गिरक्या घ्यायची उडी धरली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना त्या उडीसाठी पालकाची लेखी परवानगी लागते. तू म्हणतोस, ताई, दोन वर्षं पोर तुझ्याकडे आहे, तू तिला रोज बघतेस, तू हो म्हण, मी डोळे मिटून सही करतो. फोनवर एका शब्दात उत्तर देऊन मोकळी झाले असते. तीनदा नंबर लावला आणि तीनदा ठेवून दिला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, अर्ध्यातच जाऊ दे गं म्हणतोस. म्हणून लिहितेय. दुकानात आत्ता गिऱ्हाईक नाही, शिलाई मशीनवरच कागद ठेवलाय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझी खारू उंच झालीय. मागच्या वेळी तू आलास तेव्हा माझ्या खांद्याला लागत होती, आता मान वर करून रागवावं लागतं, त्यात रागवण्याचा निम्मा जोर जातो. ओला टॉवेल खुर्चीवर टाकायची खोड काही सुटत नाही. अभ्यासाचं विचारलं की चालू आहे म्हणते, म्हणजे बंद आहे असं मी धरून चालते. आणि सगळं बोलून झालं की मागून येऊन गळ्यात पडते आणि आत्या, तू चिडलीस की नाक लाल होतं तुझं, असं सांगते. तू असाच होतास. आईनं हातात लाटणं घेतलं की तू तिच्याभोवती एक गिरकी मारायचास आणि ती हसायची.

तिच्या सरावाच्या हॉलमध्ये तू गेलास तर तुझा विश्वास बसणार नाही. जमिनीखाली स्प्रिंगा आहेत, पाऊल ठेवलं की जमीनच वर ढकलते. कोपऱ्यात स्पंजच्या तुकड्यांनी भरलेला मोठा खड्डा. पोरं त्यात मागच्या मागे उड्या टाकतात, डोक्यावर पडतात, खिदळत बाहेर येतात. आपल्या वेळच्या कराटेच्या वर्गात काय होतं, फरशीवर अंथरलेलं रबर, तेही कडेनं उचकटलेलं. आपले सर सांगायचे, ज्याचे दोन्ही पाय एका वेळी जमिनीवरून सुटले तो लढत नाही, तो पडतोय. एकेका ठोशासाठी सहा सहा महिने. ठरलेल्या हालचालींची ती मालिका आपण झोपेतही बरोबर करायचो. पूर्ण मालिकेत एकच उडी होती आणि तीसुद्धा सर नाइलाजानं शिकवायचे.

मग शेजारच्या, जहाजावर नोकरीला असलेल्या काकांनी ती व्हिडिओ कॅसेट आणली. परदेशातल्या स्पर्धेची, निम्म्या भागात पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यात एक पोरगा हवेत दीड गिरकी घेऊन लाथ मारायचा आणि ज्या पायानं मारली त्याच पायावर उतरायचा. तेवढा तुकडा तू इतक्या वेळा मागेपुढे केलास की तिथली फीत घासून पांढरी पडली. मी त्यातली गंमत तेव्हाही मोजूनच बघितली, कुठला खांदा आधी वळतो, डोकं कधी फिरतं, ते तुला ओरडून सांगायचे. गादीवाल्यानं टाकून दिलेल्या दोन गाद्या तू गच्चीवर ओढून नेल्यास. चार महिन्यांनी तुला ती लाथ जमली. सरांनी बघितलं आणि म्हणाले, भिंगरीच आहेस तू, माणूस नाहीस. शिवी म्हणून दिलेलं नाव तू मिरवत फिरलास.

तू पहिल्यांदा ती स्पर्धेत केलीस तेव्हाची पंचांची तोंडं मला अजून आठवतात. गुणपत्रिकेत त्यासाठी रकानाच नव्हता. एकानं शून्य दिलं, दुसऱ्यानं पैकीच्या पैकी, आणि दोघं चहाच्या टेबलावर हमरीतुमरीवर आले. पुढच्या वर्षी अवघडपणाचा रकाना आला. रकाना आला म्हणजे पोरांना वाट दिसली. कुणी हात न टेकता कोलांटी मारली, कुणी मागची उडी घेताना मध्येच लाथ झाडली, मग संगीत आलं, मग एक गिरकी, मग दोन. आता त्या एका रकान्याला निम्मे गुण आहेत. माझ्या दुकानातसुद्धा ते कळतं बघ. पूर्वी खेळाच्या पोशाखाला जाडंभरडं कापड लागायचं, ठोसा मारला की बाहीचा फट्कन आवाज यायला हवा म्हणून. आता ताणलं जाणारं हलकं कापड मागतात, पायांच्या मध्ये जास्तीचा तुकडा घालून. बाही वाजते की नाही याची कुणाला पडलेली नाही. खारूची मूठ अजून सैल असते, अंगठा बाहेर लोंबतो. मी सांगितलं तर म्हणते, आत्या, मुठीला किती गुण आहेत?

पण मी म्हातारी झाले म्हणून नाक मुरडतेय असं समजू नकोस. मी हॉलवर पोरांच्या कपड्यांना टाचण्या लावत असते आणि ती वर जाते ना, तेव्हा माझ्या तोंडातली टाचणी तोंडातच राहते. इतकं सुंदर काही आपल्या घरातल्या माणसाला करता येतं हे दोनदा बघायला मिळालं मला. एकदा तुझ्यात आणि आता तिच्यात.

तुझ्या शेवटच्या स्पर्धेच्या त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. म्हणजे तू खूप बोललास, मी गप्प बसले. बाहेरगावचा एक पंच आलाच नाही आणि आयोजकांनी मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. मी नको म्हटलं होतं, माझा भाऊ आहे त्यात. ते म्हणाले, ताई, तुमच्याबद्दल कोण शंका घेणार, तुम्ही तर सख्ख्या भावाचे गुण जास्तच कापाल. सगळे हसले. मला ते ऐकून बरं वाटलं, हे आता कबूल करते. नियम तुला पाठ आहे, तरी लिहिते. अवघड उडीनंतर खेळाडूनं आहे तिथं स्थिर उभं राहायचं. कोपऱ्यातल्या पंचानं मनात तीन अंक मोजून वर धरलेला झेंडा खाली घ्यायचा, मग पुढची मालिका. आणि उतरताना दुखापत झालीशी वाटली, तर दोन्ही झेंडे आडवे धरून खेळ थांबवायचा. थांबवला तर डॉक्टर तपासतात, आणि ठीक असेल तर खेळाडूला सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची संधी मिळते.

तू सगळीकडे सांगतोस की पहिल्या उडीला गुडघ्यात काहीतरी झालं असेल, मलाच कळलं नाही, तर बाहेरच्याला काय दिसणार. भिंगरी, मला दिसलं होतं. तू माझ्यापासून चार हातांवर उतरलास. तुझा गुडघा आतल्या बाजूला गेला आणि परत आला. आवाजही आला, ओली काडी मोडावी तसा, बारीक. तुझं तोंड तसंच हसतं राहिलं, पण वरच्या ओठावर घाम फुटला तो मी बघितला. माझा दुसऱ्या झेंड्याचा हात उचललाही गेला होता. आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं की तू उतरताना थोडा डगमगला होतास, आता मी थांबवलं तर अख्खा हॉल म्हणेल, बघा, भावाचं पाऊल चुकलं आणि बहिणीनं त्याला दुसरी संधी मिळवून दिली. मी हात मांडीवर ठेवला आणि डगमगण्याचे गुण कापले.

आणि तीनवर थांबले नाही. तीन मोजून झेंडा लगेच खाली घेतला तर भावाला सोडवायला घाई केली असं वाटेल, म्हणून सातपर्यंत मोजलं. सात अंक तू त्या पायावर उभा होतास आणि माझ्या हाताकडे बघत होतास. मग मी झेंडा खाली घेतला. तू दुसरी उडी घेतलीस आणि त्या वेळी मात्र उभा राहिला नाहीस.

डॉक्टरांनी तुला काय सांगितलं ते तुला माहीत आहे. मला बाहेर व्हरांड्यात त्यांनी वेगळं सांगितलं, मी पंच होते हे कळल्यावर. म्हणाले, दोन दुखापती आहेत. पहिली होती तेवढीच असती तर पट्टा बांधून, वर्षभर विश्रांती घेऊन पोरगा परत उभा राहिला असता. दुसरीनं आतलं सगळं चिरडलं. मी हे आईला सांगितलं नाही. तुला सांगेन म्हणून आत आले, तर तू पलंगावरून सगळ्यांना ऐकवत होतास, पंच असावी तर माझ्या ताईसारखी, भावाच्याही उतरण्याचे गुण कापले तिनं. मी त्या शब्दांवर एकोणीस वर्षं काढली. मला पंचांच्या मंडळात घेतलं ते त्याच गोष्टीमुळे. नव्या पंचांना शिकवताना लोक माझंच उदाहरण देतात. खारूला तू हीच गोष्ट सांगून मोठं केलंस, आणि ती माझ्याकडे राहायला आली ती हीच गोष्ट घेऊन. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, आत्या, तुला बाबांचे गुण कापताना वाईट नाही वाटलं? मी चहा ठेवायला उठले.

तू जिना चढताना कठड्याला धरतोस, तेव्हा मी पुढे जाते, मागे वळून बघत नाही. तुला वाटत असेल मी चालण्यात घाई करते. तू शाळेत मुलांना नुसत्या कवायती शिकवतोस आणि त्यातही हसतोस, त्याबद्दल मी कधी विचारलं नाही, कारण तू खरं उत्तर दिलंस तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. माफी मागायला हवी, मागतेही आहे, पण आत्ता त्यासाठी थांबू नकोस. पुढचं वाच.

परवा खारू स्पर्धेची पँट घेऊन दुकानात आली. म्हणाली, आत्या, डावा पाय गुडघ्यापाशी सैल कर ना, आवळतोय. उजव्याचं काही म्हणाली नाही. तीस वर्षं लोकांची मापं घेतेय मी. टेप लावला. उजवा गुडघा चौदा इंच, डावा सव्वापंधरा, आणि हाताला गरम. मी तिच्याकडे बघितलं तशी तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, तीन आठवडे झालेत, उतरताना आत काहीतरी सरकतं, कोचना माहीत नाही, घरी आली की बर्फ लावते आणि मला न्हाणीघरात वेळ लागतो असं सांगते. फक्त रविवारपर्यंत, म्हणाली, बाबांना सांगू नकोस, ते सही करणार नाहीत. तू तर कुणाची बाजू घेत नाहीस ना. आणि मी तिला नाही सांगणार म्हणून शब्द दिला, भिंगरी. दिला आणि दोन दिवस पँट उसवत बसले. आता तो शब्द मोडतेय. सही करू नकोस. ती हट्ट करेल, कोच सांगतील की पोरगी तयार आहे, आणि खरंच तयार आहे ती, पण करू नकोस. गुरुवारपर्यंत हॉल बंद आहे, स्पर्धेच्या मॅट टाकताहेत, तोवर सराव नाही, तेवढाच वेळ हातात आहे. पत्र आजच्याच कुरियरनं पाठवतेय, मिळेल त्या दिवशी निघ आणि तिला डॉक्टरकडे घेऊन जा. माझ्याबरोबर ती येणार नाही, मी सांगितलं हे कळलं की माझ्याशी बोलणारही नाही, आणि हे वाचल्यावर तू बोलशील की नाही हेही मला माहीत नाही. तुम्ही दोघांनी माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलंत तरी मी काही म्हणणार नाही. ती विचारेल, आत्यानं का सांगितलं. तेव्हा हे पत्र तिच्या हातात दे, पहिल्या ओळीपासून वाचू दे.

तुझीच,
ताई